जावात रेस्ट सेवा: जर्सी, स्प्रिंग बूट आणि क्वार्कस यांची पारख

रेस्ट सेवेसाठी, म्हणजे एचटीटीपीवरून दुसऱ्या प्रोग्रामशी माहितीची देवघेव करणाऱ्या सेवेसाठी, जावाचं फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) निवडताना बहुतेक टीम वेगाचे तक्ते उघडून बसतात. एका सेकंदाला किती रिक्वेस्ट, सुरू व्हायला किती मिलिसेकंद, मेमरी किती. हे आकडे खोटे नसतात, पण नेहमीच्या व्यवसायाच्या सेवेत वेळ जातो तो डेटाबेसच्या क्वेरीत आणि दुसऱ्या सेवेला केलेल्या कॉलमध्ये. फ्रेमवर्कचा वाटा त्यात लहान असतो. निवड चुकली हे कळतं ते वेगळ्या जागी: आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत, जेसन (माहिती पाठवण्याचा मजकुरी साचा) भलत्याच रूपात बाहेर पडतं, थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) कुठे अडकलेत ते दिसत नाही. म्हणून ही पारख त्या तीन गोष्टींवर केली आहे.

आधी जावाएक्स की जकार्ता, हे पाहा

जावात रेस्टसाठी प्रमाण तपशील (स्पेसिफिकेशन) आहे तो जॅक्स-आरएस. पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली, २.० ही २०१३ मध्ये, २.१ ही २०१७ मध्ये. जावा ईई, म्हणजे जॅक्स-आरएस ज्याचा भाग आहे तो मोठा प्रमाण संच, एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर नाव बदललं आणि २०२० च्या ३.० आवृत्तीपासून पॅकेजचं नावही जावाएक्स ऐवजी जकार्ता झालं. ऍनोटेशनं (कोडवर लावायच्या खुणा) तीच राहिली: पाथ, गेट, पोस्ट, प्रोड्युसेस, कन्झ्युम्स. बदलली ती फक्त इम्पोर्टची ओळ. पण कंपाइल झालेल्या क्लाससाठी ही दोन पूर्णपणे वेगळी जगं आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. टॉमकॅट म्हणजे जावाच्या वेब सेवा चालवणारा सर्व्हर. टॉमकॅट ९ जावाएक्सचा आहे, टॉमकॅट १० पासून पुढे सगळं जकार्ताचं. जर्सी २ जावाएक्सची, जर्सी ३ जकार्ताची. ड्रॉपविझार्ड या फ्रेमवर्कच्या ३ आणि ४ या आवृत्त्यांत मुख्य फरक हाच. स्प्रिंग बूट २ जावाएक्सवर, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेलं स्प्रिंग बूट ३ जकार्तावर आणि किमान जावा १७ वर. क्वार्कसने ही उडी एप्रिल २०२३ च्या ३.० मध्ये मारली.

जर्सी २ चं वॉर (सर्व्हरवर टाकायचं बांधलेलं पॅकेज) टॉमकॅट १० वर टाकलं तर दोनपैकी एक गोष्ट होते. वेब.एक्सएमएलमध्ये सर्व्हलेटचा (रिक्वेस्ट हाताळणारा) क्लास लिहिलेला असेल, तर जावाएक्सचा एचटीटीपीसर्व्हलेट सापडत नाही म्हणून नोक्लासडेफफाउंडएरर येतो. हा त्यातल्या त्यात बरा, कारण निदान लॉगमध्ये दिसतो. सगळं ऍनोटेशनवर सोडलेलं असेल तर टॉमकॅट जर्सीचा इनिशियलायझर ओळखतच नाही, लॉग स्वच्छ राहतो आणि प्रत्येक यूआरएलला ४०४ मिळतो. अशा वेळी लिबमध्ये जुना सर्व्हलेट एपीआयचा जार (कंपाइल झालेल्या कोडचा गठ्ठा) टाकून एरर गप्प करण्याचा मोह टाळा. पुढे क्लासकास्टएक्सेप्शन येतो आणि गुंता वाढतो. टॉमकॅट १० मध्ये वेबॲप्स-जावाईई नावाचा फोल्डर केला, तर त्यात टाकलेलं जुनं वॉर टॉमकॅट स्वतः जकार्तात बदलून घेतो. तात्पुरत्या सोयीसाठी हे ठीक आहे, पण पाच वर्षं चालवायच्या सेवेसाठी सोर्सच बदललेला बरा.

तेव्हा निवडीचा पहिला प्रश्न हाच: सेवा चालणार आहे त्या सर्व्हरवर जावा कोणती आणि टॉमकॅट कोणता? जावा ८ सोडता येत नसेल तर आज नव्याने चर्चेत असलेले निम्मे पर्याय तिथेच गळतात.

जर्सी

जॅक्स-आरएसची संदर्भ अंमलबजावणी म्हणून जन्मलेलं फ्रेमवर्क. टॉमकॅट आधीच चालू आहे, त्यावर आणखी वॉर आहेत, ऑपरेशन्सच्या लोकांना तीच पद्धत हवी आहे, अशा ठिकाणी जर्सीइतका सरळ पर्याय दुसरा नाही. शिकायला थोडं आहे आणि जे शिकाल ते प्रमाण तपशिलातलं असल्याने रेस्टईझी (जॅक्स-आरएसचंच दुसरं फ्रेमवर्क) किंवा क्वार्कसमध्येही कामाला येतं.

मांडणी करताना मेव्हनमध्ये (जावाच्या बिल्ड साधनात) आधी जर्सी-बॉम (जारच्या आवृत्त्यांची यादी) डिपेंडन्सीमॅनेजमेंटमध्ये इम्पोर्ट करा, म्हणजे बाकीच्या जर्सी जारना आवृत्ती लिहावी लागत नाही. मग तीन जार लागतात. पहिला जर्सी-कंटेनर-सर्व्हलेट. याच नावाचा शेवटी कोअर असलेला धाकटा भाऊ आहे, पण तो घेतला तर ऍनोटेशनवरून आपोआप नोंदणी होत नाही आणि वेब.एक्सएमएल लिहावं लागतं. दुसरा जर्सी-मीडिया-जेसन-जॅक्सन; जॅक्सन म्हणजे ऑब्जेक्टचं जेसन करणारी लायब्ररी. तिसरा जर्सी-इन्जेक्टमधला जर्सी-एचके२, जो ऑब्जेक्ट एकमेकांना जोडून देतो. हा तिसरा विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण २.२६ च्या आधी तो आपोआप येत असे. तो नसला की सुरू होतानाच इन्जेक्शनमॅनेजरफॅक्टरी सापडत नाही असा एरर येतो. आणि दुसरा विसरला तर सेवा सुरू होते, पहिली गेट रिक्वेस्ट येते आणि ॲप्लिकेशन/जेसनसाठी मेसेजबॉडीरायटर सापडला नाही म्हणून ५०० परत जातो. जॅक्सन आणि तेच काम करणारं जेसन-बी, हे दोन्ही जार एकाच वेळी ठेवू नका. कोणता वापरला जाईल हे नोंदणीच्या क्रमावर सोडलं की एका मशीनवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं होऊ शकतं.

नंतर रिसोर्सकॉन्फिगचा एक वारसदार क्लास करा, त्यावर ॲप्लिकेशनपाथ ऍनोटेशनमध्ये एपीआय असा मार्ग द्या आणि कन्स्ट्रक्टरमध्ये प्रत्येक रिसोर्स क्लास रजिस्टर करा. पॅकेजचं नाव देऊन स्कॅन करण्याची सोय आहे, पण रजिस्टरच बरं. क्लास वाढले तरी यादी डोळ्यांसमोर असते आणि स्प्रिंग बूटच्या एका जारमध्ये जर्सी बसवायची वेळ आली तर जारच्या आतल्या जारमध्ये स्कॅन नीट चालत नाही, तो त्रासही वाचतो.

४०४ आला तर आधी यूआरएलची बेरीज करा: वॉरचं नाव, अधिक ॲप्लिकेशनपाथ, अधिक क्लासवरचा पाथ, अधिक मेथडवरचा पाथ. ऑर्डरसेवा.वॉर असेल तर /ऑर्डरसेवा/एपीआय/ऑर्डर्स असा पूर्ण मार्ग होतो. वेब.एक्सएमएलमध्ये सर्व्हलेट-मॅपिंगही दिलं आणि ऍनोटेशनही ठेवलं, तर दोन ठिकाणी दोन मार्ग सांगून ठेवल्यासारखं होतं. दोनपैकी एकच ठेवा.

तारखांचं आधी बघा. साधं जॅक्सन लोकलडेट पाहिल्यावर जेएसआर३१० मोड्यूल जोडा असं सांगून थांबतं. मोड्यूल जोडलं की तारीख बाहेर पडते ती आकड्यांच्या ॲरेच्या रूपात: २०२४, ३, १५. मोबाइल ॲपवाल्यांना हे बघून घाम फुटतो. ऑब्जेक्टमॅपरसाठी कॉन्टेक्स्टरिझॉल्व्हर लिहून त्यात मोड्यूल नोंदवा आणि तारखा टाइमस्टॅम्प म्हणून लिहिण्याची खूण बंद करा. दहा ओळींचं काम आहे, पण पहिल्याच दिवशी करायचं. क्लायंट त्या ॲरेवर अवलंबून राहू लागले की मग बदलता येत नाही.

जर्सीची उणीव म्हणजे बाकीचं सगळं आपल्यालाच गोळा करावं लागतं: डेटाबेस पूल, हेल्थ चेक, मेट्रिक्स, सुरक्षा, क्रॉस-ओरिजिनचे (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला परवानगी देणारे) हेडर. त्या शेवटच्यासाठी प्रीमॅचिंग फिल्टर लिहून ऑप्शन्स रिक्वेस्टला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. जर्सीचा क्लायंट वापरणार असाल तर कनेक्ट आणि रीड टाइमआउट हाताने द्याच. मूळ किंमत (डिफॉल्ट) शून्य, म्हणजे अनंत काळ वाट पाहणं. समोरची सेवा लटकली की आपले थ्रेड एकेक करून तिच्यापाशी जाऊन बसतात. क्लायंट ऑब्जेक्ट बनवायला महाग असतो, तेव्हा एकच बनवून तो वापरत राहा आणि प्रत्येक रिस्पॉन्स बंद करा.

जावा ११ वर जर्सी २ चालवताना जॅक्सबी (एक्सएमएलची लायब्ररी) सापडत नाही म्हणून डब्ल्यूएडीएलची (एपीआयचं एक्सएमएलमधलं वर्णन देण्याची) सोय बंद केली, असा इशारा लॉगमध्ये येतो. एक्सएमएल वापरत नसाल तर त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

स्प्रिंग बूट

नवी सेवा, चार-पाच जणांची टीम, माणसं येत-जात राहणार, डेटाबेस, रांग आणि लॉगिन सगळंच लागणार: अशा कामाला स्प्रिंग बूट घ्या. पुण्यात हिंजवडी-खराडीत जावाच्या मुलाखतीला आलेला माणूस स्प्रिंग बूट थोडंफार तरी जाणून असतो, हाही निवडीचा खरा निकष आहे. अडचण आली तर उत्तर सापडतं आणि त्यातलं बरंचसं बरोबर असतं. मात्र उत्तराची तारीख बघा. आवृत्ती २ साठी लिहिलेलं सुरक्षेचं कॉन्फिगरेशन ३ वर कंपाइलसुद्धा होत नाही.

स्प्रिंग बूटची स्वतःची प्रमाण पद्धत जॅक्स-आरएस नाही. रेस्टकंट्रोलर, गेटमॅपिंग ही स्प्रिंगची भाषा आहे. जर्सीतून येणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. जॅक्स-आरएसमध्ये रिसोर्सचा ऑब्जेक्ट एरवी प्रत्येक रिक्वेस्टला नवा तयार होतो, तर स्प्रिंगचा कंट्रोलर सगळ्यांसाठी एकच असतो. क्लासच्या फील्डमध्ये त्या रिक्वेस्टची माहिती ठेवणारा जुना कोड जसाच्या तसा आणला तर एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याला दिसू शकते. एकट्याने चाचणी करताना हे कधीच पकडलं जात नाही.

२ वरून ३ वर जाताना पॅकेजची नावं बदलणं हे सोपं काम, ते एडिटर करून देतो. खरे खड्डे दोन. पहिला: यूआरएलच्या शेवटी तिरपी रेघ असली तरी आधी चालायचं, आता /ऑर्डर्स/ ला ४०४ मिळतो. दुसरा ३.२ वर भेटतो. पाथव्हेरिएबल किंवा रिक्वेस्टपॅराममध्ये नाव न लिहिता मेथडच्या पॅरामीटरच्या नावावर भिस्त ठेवली असेल, तर कंपायलरला पॅरामीटर्स हा फ्लॅग दिलेला असावा लागतो. स्प्रिंग बूटचं पेरेंट पॉम वापरलं तर तो मिळतो. कंपनीचं स्वतःचं पेरेंट पॉम असेल तर नाही मिळत, आणि पहिल्या कॉललाच एरर येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्प्रिंग बूट ४ आलं आहे, त्यात जॅक्सन ३ आहे आणि त्याच्या मुख्य पॅकेजचं नावही बदललं आहे. स्वतःचे सीरियलायझर लिहिलेल्यांनी त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

आता थ्रेड आणि पूल. स्प्रिंग बूटबद्दलच्या ‘सेवा हळू आहे’ या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच निघतं. आतल्या टॉमकॅटला मूळ २०० थ्रेड असतात. हिकारीच्या (डेटाबेसची कनेक्शन राखून ठेवणाऱ्या लायब्ररीच्या) पूलमध्ये मूळ १० कनेक्शन असतात. एक रिक्वेस्ट २०० मिलिसेकंद कनेक्शन धरून ठेवत असेल, तर एका सेकंदाला जास्तीत जास्त ५० रिक्वेस्ट पार पडतील, थ्रेड कितीही असोत. त्यात जेपीएची (ऑब्जेक्ट डेटाबेसच्या तक्त्यांशी जोडणाऱ्या प्रमाणाची) ओपन-इन-व्ह्यू ही सोय मूळ चालूच असते. तिच्यामुळे पहिल्या क्वेरीत घेतलेलं कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत सुटत नाही. क्वेरी २०० मिलिसेकंदांची, पण त्यानंतर पेमेंटच्या सेवेला ८०० मिलिसेकंदांचा कॉल असेल, तर कनेक्शन पूर्ण सेकंदभर अडकतं आणि क्षमता सेकंदाला १० वर येते. बाकीच्या रिक्वेस्ट ३० सेकंद थांबतात आणि मग कनेक्शन उपलब्ध नाही म्हणून पडतात. स्प्रिंग.जेपीए.ओपन-इन-व्ह्यू फॉल्स करा. लेझी (गरज पडल्यावरच डेटाबेसमधून आणायच्या) नात्यांचे एरर दिसू लागतील, ते क्वेरीत फेच जॉइन घालून किंवा डीटीओ (फक्त पाठवायची माहिती असलेला साधा ऑब्जेक्ट) परत करून मिटवा. एन्टिटी (तक्त्याशी जोडलेला ऑब्जेक्ट) थेट जेसनमध्ये पाठवू नये याचं दुसरंही कारण आहे: ऑर्डरमध्ये ग्राहक, ग्राहकात ऑर्डर असं दोन्हीकडून नातं असलं की जॅक्सन गोल फिरत राहतं आणि स्टॅकओव्हरफ्लो होतो.

जावा २१ आणि स्प्रिंग बूट ३.२ पासून स्प्रिंग.थ्रेड्स.व्हर्च्युअल.इनेबल्ड ट्रू केलं की प्रत्येक रिक्वेस्ट व्हर्च्युअल थ्रेडवर (जावाने स्वतः सांभाळलेल्या हलक्या थ्रेडवर) चालते. बाहेरच्या सेवांची वाट पाहण्यात वेळ घालवणाऱ्या कामाला याचा खरा उपयोग आहे. पण २०० थ्रेडची जी मर्यादा नकळत बांध म्हणून उभी होती ती यात निघून जाते, आणि पूर थेट दहा कनेक्शनच्या दारात येतो. म्हणून व्हर्च्युअल थ्रेड चालू करण्याआधी पूलचा आकार, कनेक्शन मिळण्याचा टाइमआउट आणि डेटाबेसची स्वतःची कमाल मर्यादा यांचा हिशेब मांडा. जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत वाट पाहणारा व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही अडवून ठेवतो. जावा २४ मध्ये ही अडचण दूर झाली. जुने जेडीबीसी ड्रायव्हर असतील तर ते आधी अद्ययावत करा.

आणखी काही मूळ किमती माहीत असाव्यात. फाइल अपलोडला एका फाइलची मर्यादा १ एमबी असते. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याचीही मूळ मर्यादा १ एमबीच, तेव्हा ४१३ आला तर दोन्हीकडे वाढवा. ॲक्चुएटर (सेवेची प्रकृती दाखवणारी सोय) वेबवर मूळ फक्त हेल्थ दाखवतं, मेट्रिक्स हवे तर एक्स्पोजरच्या यादीत नाव घाला, आणि तिथे तारांकन टाकून सगळंच उघडं करू नका, कारण त्यात हीप डंपसुद्धा (सेवेच्या मेमरीची पूर्ण नक्कल) येऊ शकतो. कंटेनरमध्ये जेव्हीएम (जावा चालवणारं आभासी यंत्र) मेमरीच्या चौथ्या हिश्श्याइतकाच हीप घेतं. १ जीबी दिली तरी २५६ एमबीत गुदमरतं. मॅक्सरॅमपर्सेंटेज ७० ते ७५ ठेवून बघा.

क्वार्कस

रेड हॅटने मार्च २०१९ मध्ये लोकांपुढे आणलेलं. याची मूळ कल्पना पटण्यासारखी आहे: ऍनोटेशन वाचणं, बीन (सेवेचे घटक-ऑब्जेक्ट) जोडणं ही कामं सेवा सुरू होताना करण्याऐवजी बिल्ड करतानाच उरकायची. त्यामुळे साध्या जेव्हीएमवरही सुरुवात झटपट होते आणि मेमरी कमी लागते. लिहायची भाषा जॅक्स-आरएसची, त्यामुळे जर्सीवाल्यांना परकं वाटत नाही. डेव्ह मोडमध्ये फाइल सेव्ह केली की पुढच्या रिक्वेस्टला बदल लागू होतो, आणि डॉकर चालू असेल तर पोस्टग्रेस डेटाबेसचा कंटेनर क्वार्कस स्वतः उभा करतं. रोजच्या कामात ही सोय इतर कुणाहीपेक्षा सरस आहे.

पण बिल्डच्या वेळी ठरलेलं नंतर बदलत नाही. डेटाबेसचा प्रकार, सेवेचा मूळ मार्ग अशा काही किमती बिल्डमध्ये गोठतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बदलायला गेलात तर त्या लागू होत नाहीत. डेटाबेसचा यूआरएल, युझर, पासवर्ड मात्र चालवताना देता येतात. ‘एकच इमेज सगळीकडे’ या पद्धतीने काम करणाऱ्यांनी कागदपत्रांत प्रत्येक किमतीपुढची कुलपाची खूण बघूनच पुढे जावं.

नावांचाही घोळ आहे. रेस्टईझी क्लासिक आणि रेस्टईझी रिॲक्टिव्ह अशी दोन एक्स्टेन्शन होती. २०२४ च्या ३.९ पासून दुसऱ्याचं नाव क्वार्कस रेस्ट झालं. नव्या कामाला क्वार्कस रेस्ट आणि क्वार्कस-रेस्ट-जॅक्सन घ्या. जुन्या लेखातून उचललेलं एक्स्टेन्शन त्यात मिसळलं की बिल्डच अडतो.

यात मेथडचा रिटर्न टाइप ठरवतो की काम कोणत्या थ्रेडवर होणार. साधा ऑब्जेक्ट परत केला तर वर्कर थ्रेड, युनी (पुढे मिळणाऱ्या उत्तराचा ऑब्जेक्ट) परत केला तर इव्हेंट लूपचा, म्हणजे अनेक रिक्वेस्ट एकट्याने हाताळणारा आयओ थ्रेड. युनी परत करणाऱ्या मेथडमध्ये साधी हायबरनेटची (डेटाबेसची जेपीए लायब्ररी) क्वेरी टाकली की आयओ थ्रेडवर ब्लॉकिंग काम केल्याचा एरर येतो. तो स्पष्ट असतो हे चांगलं. थ्रेड.स्लीप किंवा एखादा जुना एचटीटीपी क्लायंट वापरला तर मात्र आधी एरर येत नाही, सगळी सेवाच अडखळते. ठाम गरज नसेल तर साधे ऑब्जेक्ट परत करा, रिॲक्टिव्हच्या वाटेला जाऊ नका.

डॉकरफाइलमध्ये फक्त क्वार्कस-रन.जार कॉपी करणं ही नेहमीची चूक. तो जार एकटा चालत नाही, टार्गेटमधला क्वार्कस-ॲप फोल्डर लिबसकट न्यावा लागतो.

नेटिव्ह इमेजची, म्हणजे जेव्हीएमशिवाय थेट चालणाऱ्या फाइलची, भुरळ सगळ्यांना पडते. बिल्डला मिनिटं आणि काही जीबी मेमरी लागते, आणि रिफ्लेक्शनने (सेवा चालू असताना नावावरून शोधून) वापरलेला प्रत्येक क्लास आधी सांगावा लागतो. मेथडने नुसता रिस्पॉन्स परत केला तर आत कोणता क्लास आहे हे क्वार्कसला बिल्डमध्ये कळत नाही आणि जेव्हीएमवर बरोबर आलेलं जेसन नेटिव्हमध्ये बिघडतं. टाइप सांगणारा रेस्टरिस्पॉन्स वापरा किंवा क्लासवर रजिस्टरफॉररिफ्लेक्शन लावा. मागणीनुसार शून्यावरून उभ्या होणाऱ्या छोट्या सेवांना नेटिव्ह शोभतं. महिनोन्महिने चालणाऱ्या सेवेला जेव्हीएमच द्या, तिथे जिटने (चालता चालता कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरने) केलेली सुधारणा कामी येते.

बाकीचे थोडक्यात

मायक्रोनॉट क्वार्कससारखाच विचार ऍनोटेशन प्रोसेसरने अमलात आणतं. नीटनेटकं आहे. लोम्बोक (गेटर-सेटर आपोआप लिहिणारी लायब्ररी) वापरत असाल तर प्रोसेसरच्या यादीत ते मायक्रोनॉटच्या आधी लिहा, आणि जेसनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक क्लासवर सर्डेएबल लावा, नाहीतर इन्ट्रोस्पेक्शन नाही असा एरर येतो. ओरॅकलचं हेलिडॉन ४ सुरुवातीपासून व्हर्च्युअल थ्रेडवर बांधलेलं आहे आणि जावा २१ मागतं. ड्रॉपविझार्ड म्हणजे जेट्टी, जर्सी, जॅक्सन आणि मेट्रिक्स यांची बांधलेली मोट, ॲडमिनचा पोर्ट वेगळा ८०८१. छोट्या, शिस्तीच्या टीमला अजूनही चांगलं. सोप (एक्सएमएलवर चालणारी जुनी पद्धत) आणि रेस्ट एकाच सेवेतून द्यायचं असेल तर अपाचे सीएक्सएफ.

मराठी मजकूर पाठवून बघा

कोणतंही फ्रेमवर्क पक्कं करण्याआधी ‘ज्ञानेश्वर’ हे नाव पोस्ट करून, डेटाबेसमध्ये ठेवून, परत गेट करून बघा. जॅक्सन जेसन यूटीएफ-८ मध्येच लिहितं, त्यामुळे जेसनमध्ये सहसा बिघडत नाही. बिघडतं ते टेक्स्ट/प्लेनमध्ये. तिथे कॅरसेट (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. जावा १८ च्या आधी विंडोजवर गेटबाइट्सला कॅरसेट न देता बोलावलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जावा १८ पासून मूळ कॅरसेट यूटीएफ-८ झाला, पण सर्व्हरवर अजून ११ किंवा १७ असेल तर तुमच्या मशीनवरची यशस्वी चाचणी तिथे फोल ठरते. यूआरएलमध्ये देवनागरी अक्षरं एन्कोड न करता पाठवली तर टॉमकॅट कंट्रोलरपर्यंत न जाताच ४०० देतो. शोधाच्या एपीआयमध्ये हे हमखास दिसतं.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि ‘ज्ञा’ हे एक अक्षर ज, हलन्त, ञ आणि काना अशा ४ चिन्हांचं म्हणजे १२ बाइटचं होतं. ओरॅकलमध्ये व्हारकार२(१००) हे बाइटमध्ये मोजलं असेल तर त्यात ३३ चिन्हंच मावतात. साइजच्या व्हॅलिडेशनमध्ये कमाल १०० लिहिलेलं असतं, फ्रेमवर्क खुशाल पास करतं आणि डेटाबेस नाकारतो. स्तंभाची व्याख्या कार लावून, म्हणजे बाइटऐवजी चिन्हांत मोजून करा, आणि चाचणीत खरोखर लांब पत्ता घाला: गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा सगळं लिहून.